प्रेशर कसं आहे, असं विचारतील तेव्हा

मुलुंडहून रोज फोर्टला कामावर जाणाऱ्या 53 वर्षांच्या एका वाचक ताईंचं हे पत्र. गेले चार महिने त्यांचा उजवा खांदा धरलाय. लोकलमध्ये वरचं हँडल पकडता येत नाही, वेणी घालताना हात मागे जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. मधुमेहाची आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. वाढदिवसाला लेकीनं दादरच्या एका स्पाचं तासाभराच्या मसाजचं व्हाउचर दिलं. तेव्हापासून ते कपाटात साड्यांखाली पडून आहे. कपडे किती काढावे लागतात, हात लावणारी बाई असेल की पुरुष, सिझेरियनचा व्रण आणि पायांवरच्या फुगलेल्या शिरा परक्या माणसाला कशा दाखवायच्या, हे त्यांचे प्रश्न. ‘ही बाहेरची फॅडं, त्यापेक्षा मलम चोळ,’ असं यजमान म्हणतात. शेजारच्या वहिनींनी एका स्पावर पडलेल्या धाडीची बातमी दाखवली. ‘एकदा चांगली रगडून मालिश झाली की हात सुटेल असं वाटतं (बाळंतपणात मालिशवाल्या बाई यायच्या, पण ते वेगळं), आणि जायचं म्हटलं की लाज वाटते. व्हाउचर परत देऊ का? गेले तर लेकीला सोबत नेऊ का?’ असं त्यांनी विचारलंय.

ताई,

‘पण ते वेगळं,’ असं कंसात लिहून तुम्ही पुढे गेलात. मी मात्र त्या कंसापाशीच थांबले. काय वेगळं होतं हो? त्या बाईही पहिल्या दिवशी परक्याच होत्या. टाके ताजे, अंग सुजलेलं, छाती दुधानं भरून आलेली, आणि तुम्ही पाटावर पाय पसरून बसलात. टाक्यांची जागा सोडून त्यांनी तळपायापासून टाळूपर्यंत कोमट तेल जिरवलं. तेव्हा लाज आड आली नाही, कारण सगळं ठरलेलं होतं. बाई किती वाजता येणार, काय करणार, कुठे हात लावणार नाहीत, किती वेळात उठणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पलीकडच्या खोलीत आई होती. मला वाटतं, आज तुम्ही जिला लाज म्हणताय ती पुष्कळशी धास्ती आहे. त्या खोलीत पुढे काय होणार हे माहीत नाही, त्याची धास्ती. ती घालवता येते, म्हणून त्या तासाभरात काय काय होतं ते मी सविस्तर सांगणार आहे.

पण आधी खांदा. तुमची लक्षणं वाचून मला मसाजपेक्षा त्याचीच काळजी वाटली. हात वर जात नाही, मागे जात नाही, रात्री ठणकतो, वय पन्नाशीचं आणि जोडीला मधुमेह. हे फ्रोझन शोल्डर असू शकतं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे ‘असू शकतं’ एवढंच म्हणते. निदान अस्थिरोगतज्ज्ञांनी हात फिरवून, तपासून करायचं. या दुखण्यात सांध्याभोवतीचं वेष्टन सुजतं, जाड होतं आणि आकसतं. वरचे स्नायू कितीही रगडले तरी आतलं वेष्टन त्यानं सैल होत नाही. उलट दुखणं जोरात असताना कुणी ‘थोडं सोसा, आत्ता सुटेल’ म्हणत हात ओढून वर नेला, तर ते आणखी चिडतं. मधुमेह असलेल्यांना हा त्रास जास्त होतो. पूर्ण बरं व्हायला वर्ष, दोन वर्षंही जातात, आणि त्या काळात नेमून दिलेले व्यायाम रोज करावे लागतात. चार महिने तुम्ही मलमावर काढलेत, आता नको. तुम्ही सेंट्रल लाइनवर राहता. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, परळच्या केईएममध्ये फिजिओथेरपीचे विभाग आहेत, आणि महापालिकेची रुग्णालयं असल्यानं खर्चही बेताचा. घराजवळ कुणी चांगले फिजिओथेरपिस्ट असतील तर तेही उत्तम. हाताला मुंग्या येत असतील किंवा पकड ढिली पडत असेल, तर ते मुद्दाम सांगा, कारण मग मानेचाही विचार करावा लागतो.

मग मसाज कशाला, असं वाटेल. त्याचंही काम आहे. गेले चार महिने उजवा हात वाचवताना डावा खांदा, मान आणि पाठ यांनी जादा काम केलंय. ते सगळं आखडलेलं असणार. चांगल्या हाताखाली ते सैल होतं, दुखणं काही दिवस हलकं होतं, त्या रात्री झोप लागते. फायदा थोड्या दिवसांचा असतो, रोग बरा करणारा नसतो, पण तासभर कुणी आपली निगा राखतंय हे साधं सुख कमी नाही. म्हणून व्हाउचर परत देऊ नका. फक्त क्रम बदला. आधी डॉक्टर, आणि त्यांना विचारून मग मसाज.

वेळ ठरवायला फोन तुम्ही स्वतः करा, लेकीला करायला लावू नका. मला थेरपिस्ट बाईच हवी, हे पहिलं वाक्य. कुठल्याही नीट चाललेल्या ठिकाणी ही मागणी रोजचीच आहे, त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. तिचं प्रशिक्षण कुठे झालंय, किती वर्षं काम करतेय, हे विचारा. एक तास म्हणजे निव्वळ मसाजचा तास, की कपडे बदलणं आणि अंघोळ त्यातच धरलीय? तेल कुठलं वापरता? व्हाउचरच्या वर काही द्यावं लागेल का? सरळ उत्तरं मिळाली तर ठीक. ‘मॅडम, तुम्ही या तर, मग बघू,’ असं गुळमुळीत ऐकू आलं तर व्हाउचर बुडालं तरी चालेल, पण तिथे जाऊ नका.

ठरल्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी पोहोचा. आधी एक फॉर्म भरून घेतात. बहुतेक जण तो न वाचता सही करतात, तसं करू नका. मधुमेह, रक्तदाब, चालू गोळ्या, खांदा, पायांच्या शिरा, कशाची ॲलर्जी, सगळं लिहा. बदाम किंवा तीळ सोसत नसतील तर तेही लिहा, कारण तेलात तेच असतं. मग काही ठिकाणी पाय धुतात. खोलीत मंद दिवा असतो, एसी बऱ्यापैकी गार असतो, आणि मध्ये एक अरुंद पलंग, त्याच्या उशाशी तोंड ठेवायला गोल भोक. थेरपिस्ट तुम्हाला गाऊन किंवा टॉवेल देते, एकदा वापरून टाकायची अंडरवेअर देते आणि बाहेर जाते. हो, बाहेर जाते. कपडे बदलताना तिथे कुणी थांबत नाही. तिनं दिलंय म्हणून ते घातलंच पाहिजे असंही नाही. स्वतःचे आतले कपडे ठेवायचे असतील तर ठेवा. फक्त पाठीला तेल लावताना मागचा हूक काढू का, असं ती विचारेल. नको असेल तर नको म्हणा.

पालथं झोपून अंगावर चादर घ्यायची, की ती दार वाजवून आत येते. त्यानंतरचा तास चादरीच्या हिशेबानं चालतो. एक पाय उघडा करायचा, तेल लावायचं, दाबायचं, पुन्हा झाकायचा, मग दुसरा. मग पाठ. मग उताणं व्हायला सांगते तेव्हा चादर दोन्ही हातांनी वर धरून चेहरा दुसरीकडे करते, आणि तिच्या आडोशाला तुम्ही कूस बदलता. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी सगळं झाकलेलं. छाती आणि जांघेला हात लावायचा प्रश्नच नाही. पोट चोळायचं का हे आधी विचारतात. तुम्ही नको म्हणा, व्रणाचा विषय तिथेच संपतो. आयुर्वेदिक केंद्रात मात्र पद्धत निराळी. लाकडी द्रोणीवर, म्हणजे काठ असलेल्या पलंगावर निजवतात, तेल सढळ असतं, कधी दोघी जणी दोन्ही बाजूंनी एका लयीत मालिश करतात, आणि अंग बरंच जास्त उघडं राहतं. तिथे जाणार असाल तर किती झाकलेलं हवं ते आधीच सांगून ठेवायचं.

आता ज्यासाठी मी हे पत्र एवढ्या आपुलकीनं निवडलं, ते सांगते. तुम्ही लिहिलंय, ‘चांगली रगडून.’ दुखलं म्हणजेच लागू पडलं, असं आपण मानत आलो आहोत. मीही मानत होते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या मुलीनं खांद्याच्या पात्याखाली कोपर टेकवलं आणि विचारलं, ‘मॅडम, प्रेशर ठीक है?’ कळ डोक्यात गेली होती. मी म्हटलं, ‘ठीक है.’ तोंड त्या भोकात, समोर फक्त फरशी आणि तिच्या निळ्या रबरी चपला. त्या चपला इकडून तिकडे जाताना बघत मी चाळीस मिनिटं दात आवळून काढली. तिनं मध्ये आणखी एकदा विचारलं, मी पुन्हा ‘ठीक है’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी पाठीवर बोटभर लांबीचे दोन काळेनिळे डाग होते, आणि आठवडाभर मला पाठ टेकून बसता आलं नाही. मी तिच्यावर चिडले नाही. तिनं दोनदा विचारलं होतं. मला प्रश्न पडला तो एवढाच की मी खरं का सांगितलं नाही? पाठ माझी, पैसे माझे, विचारणारी समोर, आणि तरी तोंडून निघालं ते ‘ठीक है.’ भाजी खारट झालीय का, पंखा लागतोय का, गाडीत नीट उभं राहता येतंय का, सगळ्याला आपलं उत्तर तेच. इतकं सवयीचं की आत काय चाललंय ते बघायच्या आधीच निघून जातं.

तुम्ही तसं करू नका. दाब योग्य आहे की जास्त, हे ओळखायची खूण सोपी आहे. दुखून गोड वाटतंय आणि श्वास चालू आहे, तोवर बरोबर. श्वास रोखला गेला, मुठी वळल्या, की जास्त झालं. स्नायूही तेव्हा सैल व्हायचं सोडून स्वतःला वाचवायला घट्ट होतात, म्हणजे मेहनत दोघींचीही फुकट. बाहेरून तिला हे पुरतं कळत नाही. तेव्हा ‘थोडा हलके से’, ‘यहाँ नहीं’, ‘एसी कम करो’, ‘तेल गरम है’, एवढं मोकळेपणानं म्हणा. आणि आडवं व्हायच्या आधीच, ‘उजवा हात ओढायचा नाही, वर उचलायचा नाही.’ मानेला झटका देऊन कडकड वाजवायला तर कुणालाच देऊ नका. त्या झटक्यानं मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. सलूनमध्ये दाढीनंतर हौसेनं मान मोडून घेणाऱ्या घरच्या पुरुषांनाही हे सांगा.

गप्पा मारायला हव्यात असं नाही. झोप लागली, घोरलात, पोट गुरगुरलं, तरी काही बिघडत नाही. कुणाकुणाला उगीच रडू येतं. बऱ्याच दिवसांनी कुणी मायेनं हात फिरवला की येतं तसं. ती थांबेल, विचारेल, हवं तर पुढे चालू ठेवेल.

पायांवरच्या केसांची आणि व्रणाची काळजी सोडा. त्या मुलीनं त्या दिवशी तुमच्या आधी चार-पाच जणींच्या पाठी पाहिलेल्या असतात. तिचं लक्ष कुठे गाठ आहे, कुठे ताण आहे याकडे असतं. उलट जायच्या आदल्या दिवशी वॅक्सिंग केलंत तर तेल लागून कातडी चुरचुरेल. शिरांची गोष्ट निराळी, ती लाजेची नाही, तब्येतीची आहे. फुगलेल्या शिरांवर दाब द्यायचा नाही, हे तिला दाखवून सांगा. आणि कधी एकच पोटरी सुजली, गरम लागली, लाल झाली, दुखू लागली, तर चोळू नका आणि चोळूही देऊ नका. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. तशा वेळी थेट डॉक्टरकडे जायचं.

मधुमेहामुळे काही वेळा तळपायाची जाणीव कमी झालेली असते, चटका कळत नाही. म्हणून गरम दगड आणि पाय बुडवायला कढत पाणी नको. उपाशी जाऊ नका, भरल्या पोटीही नको. दीड-दोन तास आधी हलकं खाऊन जा, गोळ्या नेहमीच्या वेळेला घ्या. इन्सुलिन घेणाऱ्या वाचकांनी टोचल्या जागी चोळून घेऊ नये, औषध एकदम रक्तात उतरतं. ताप, कातडीचा संसर्ग, नुकतं झालेलं ऑपरेशन किंवा फ्रॅक्चर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, कर्करोगाचे उपचार, गरोदरपण, यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय जायचं नाही. हा सावधपणा आजचा नाही. ‘अष्टांगहृदय’ या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात वाग्भटानं अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणं, रोज करावा, डोकं, कान आणि पाय यांना विशेष करावा असं सांगितलं, आणि लगेच पुढे कफाचा त्रास, शोधन (वमन-विरेचनासारखे शुद्धीचे उपचार) आणि अजीर्ण असताना तो टाळायलाही सांगितलं.

यजमानांशी वाद घालू नका, पण ‘बाहेरची फॅडं’ हे काही खरं नाही. नरकचतुर्दशीला पहाटे त्यांच्याही पाठीला कुणीतरी तेल चोळलंच असेल. तालमीतल्या पैलवानांची मालिश, गिरगाव चौपाटीवर बाटल्या वाजवत फिरणारे चंपीवाले, हे सगळं आपलंच. पाटण्याच्या शेख दीन मोहम्मद यांनी 1814 साली इंग्लंडात ब्रायटनला न्हाणीघर काढून तिथल्या लोकांना चंपीची गोडी लावली. ‘शाम्पू’ हा शब्दही इंग्रजीत आला तो हिंदीतल्या ‘चांपो’वरूनच, म्हणजे ‘दाबा’.

वहिनींनी दाखवलेली बातमी खरी असेल. अशी ठिकाणं आहेत. म्हणूनच आत शिरताना डोळे उघडे ठेवा. दर्शनी भागात दरपत्रक आहे का, पावती देतात का, बायका-माणसं निवांत बसलेली दिसतात का, खोलीत कॅमेरा तर नाही ना. आत काहीही खटकलं तर ‘बस’ म्हणून उठून बसायचं, चादर घ्यायची आणि बाहेर यायचं. कारण सांगायची गरज नाही. वेळ पडली तर 112 वर फोन लागतो, मुंबई पोलिसांची महिलांसाठीची 103 ही हेल्पलाइनही आहे.

पण त्याच बातमीची दुसरी बाजूही बघा. मुंबईतल्या स्पांमध्ये काम करणाऱ्या कितीतरी मुली मिझोराम, नागालँड, मणिपूरहून आलेल्या आहेत, आयुर्वेदिक केंद्रांत केरळच्या. दिवसाला पाच-सहा जणांची अंगं दाबायची, अंगठ्याचे सांधे धरतात, मनगटं भरून येतात. एकीनं मला सांगितलं होतं की घरमालकिणीला ती ‘पार्लरमध्ये आहे’ असंच सांगते, कारण स्पा म्हटलं की खोली मिळत नाही. दार लावून परक्या माणसासमोर उभं राहताना धास्ती तिलाही असते. तुमच्यासारखी बाई आली की तिला हायसंच वाटत असणार. अंघोळ करून जा, वेळेवर जा, नाव विचारा. काम आवडलं तर शंभर-दोनशे रुपये तिच्याच हातात द्या. नाही दिलेत तरी कुणी मागायचं कारण नाही.

एवढं वाचूनही पूर्ण मसाजला मन तयार होत नसेल, तर फोनवर विचारा, याच व्हाउचरवर कपडे न काढता डोकं, मान, पाठ आणि तळपाय एवढंच कराल का? बहुतेक ठिकाणी करतात. थाई मसाज सैल कपड्यांत, गादीवर, तेलाशिवाय असतो, त्यामुळे संकोच वाटणाऱ्यांना बरा. पण त्यात ताणणं, ओढणं पुष्कळ, म्हणून तुमचा खांदा बरा होईपर्यंत तो नको. दृष्टिहीन मंडळींना रीतसर शिकवून काम देणारी केंद्रंही मुंबईत आहेत. संकोच फारच असेल त्यांनी तिथे जाऊन पाहावं. त्यांच्या बोटांना गाठी फार अचूक सापडतात, हा माझा अनुभव.

संपल्यावर एकदम उठू नका. रक्तदाबाच्या गोळीवर असलेल्यांना चक्कर येऊ शकते. कुशीवर व्हा, पाय खाली सोडून मिनिटभर बसा, मग उभ्या राहा. तळव्यांना तेल असतं, फरशीवर पाय घसरतो, चपला घालूनच चाला. ‘अंगातली विषद्रव्यं निघून गेली, आता भरपूर पाणी प्या,’ असं सांगतील. पाणी तहानेपुरतं प्या. विषद्रव्यं काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, त्याला मसाज लागत नाही. एक-दोन दिवस अंग जड वाटेल, व्यायामानंतर वाटतं तसं. त्याहून जास्त दुखलं, डाग उठले किंवा हाताला मुंग्या आल्या, तर डॉक्टरांना दाखवा.

आणि लेकीला सोबत न्यायचं का? न्या. बाळंतपणात पलीकडच्या खोलीत आई होती, आता बाहेरच्या खुर्चीत लेक बसू दे. सुट्टी टाकून आठवड्यातल्या मधल्या वारी जा, सकाळी अकराची वेळ घ्या. डोक्याला तेल नको असेल तर आधीच सांगा. घरी येताना दादरहून दुपारची स्लो गाडी धरा. त्या वेळेला बायकांच्या डब्यात बसायला जागा मिळते, वरचं हँडल धरावं लागत नाही.